अडखळलं की टकटक

नालवाडीला औषधाच्या दुकानावरच्या खोलीत आमचा इंग्रजी बोलण्याचा क्लास भरायचा. सर नागपूरचे. एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर नेणारे शब्द ते आमच्याकडून घोटून घेत: हाउएव्हर, देअरफोर, अनफॉर्च्युनेटली, अ‍ॅज अ रिझल्ट. वाक्य चुकलं तरी चालेल, थांबायचं मात्र नाही, हा त्यांचा कायदा. एकाने पुढे उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी बाकावर बोट टेकवून बसायचं. बोलणारा अडखळला की सगळ्यांनी मिळून टकटक करायचं. एकदा आमच्याबरोबर शिकणाऱ्या एक शिक्षिका बोलताबोलता रडायला लागल्या. आम्ही तरीही वाजवत राहिलो. रडणारा माणूस थांबतोच, आणि थांबण्याला माफी नव्हती.

मला नागपूरच्या एका कंपनीत फोनवर बोलायची नोकरी हवी होती. आधीच्या मुलाखतीत माझी दातखीळ बसली होती. मुलाखतीत आयुष्यातला कठीण दिवस हमखास विचारतात, तो तयार ठेवा, असं सरांनी सांगितलं. माझ्याकडे तसा दिवस एकच होता. मे महिन्यात आई गेली, तो.

त्या दुपारी बाबा पुलगावला डेपोत ड्यूटीवर होते. आईला ओट्याजवळ चक्कर आली, मी शेजारच्यांच्या मदतीने तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. बाबा पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. शेवटी ती माझ्याशी एवढंच बोलली, "बाबाले सांगजो, दुपट्टा बांधल्याबिगर उनात नका जाऊ म्हणा." हा निरोप मी बाबांना अजून दिला नव्हता. द्यायला गेले की दुसरंच काहीतरी बोलून परत यायचे. तेही त्या दुपारचं काही विचारत नसत.

म्हणजे ती दुपार मी पहिल्यांदा सांगितली ती त्या क्लासला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. दुपट्ट्यापाशी आले आणि अडकले. बाकं अशी वाजली की खालचा दुकानदार वर डोकावला. सरांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. आई गेली हे ठीक आहे, पण त्याच्या आधी अ‍ॅज अ रिझल्ट यायला पाहिजे, असं ते म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "आणि ते दुपट्ट्याचं काढून टाक. तिथंच तू अटकून राह्यली."

मी काढून टाकलं. माणूस काळजाने दगड होता, आणि संताप याचा की त्याला शिकवता चांगलं येत होतं. दुपट्टा निघाला तशी आईची दुपार घरंगळत जाऊ लागली. अनफॉर्च्युनेटली ती पडली, देअरफोर मी ऑटो आणला, अ‍ॅज अ रिझल्ट ती गेली, फायनली मी मजबूत झाले. कोणाचं बोट उठेना.

घरी मी मोठ्याने सराव करायचे. बाबांना इंग्रजीचा गंध नाही. ते लसूण सोलत ऐकत बसायचे, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू दिसायचं. कामावरून आले की म्हणायचे, "ते लंबंवालं म्हण ना. लय गोड वाटते." मी त्यांना त्यांच्या बायकोचं मरण रोज म्हणून दाखवत होते. ते मान डोलावत होते.

मुलाखतीत तेच विचारलं. मी न थांबता सांगितलं. समोरची बाई हसून म्हणाली, छान आत्मविश्वास आहे. नोकरी लागली.

आईचा पहिला स्मृतिदिन त्यानंतर थोड्याच दिवसांनी आला. घरात नातेवाईक जमले. बुद्धवंदना झाली आणि रिवाजाप्रमाणे बाबा चार शब्द बोलायला उठले. "ते असती तं..." एवढं म्हणाले आणि थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. सगळे खाली बघत होते. त्या शांततेत टकटक ऐकू आली. माझंच बोट फरशीवर वाजत होतं.

बाबांनी वळून पाहिलं. मी त्यांची सुटका करतेय असंच त्यांना वाटलं. "हो हो, आता पोरगी बोलंल," ते घाईने म्हणाले. "इंग्लिशमधी. अटकत नाई ते."

आईच्या फोटोशेजारी उभी राहून मी ते सगळं म्हटलं. कुठेच अडकले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. बाबा डोळे पुसत म्हणाले, "हे हिच्या मायनं ऐकाले पाह्यजे होतं."

जेवणं उरकल्यावर ते मावशीला बसस्टँडवर सोडायला निघाले. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. त्यांचा डोक्याला बांधायचा दुपट्टा दाराआडच्या खुंटीवर तसाच लटकत होता. मी हाक मारली. ते उघड्या डोक्याने फाटकापाशी थांबले, वळले, वाट पाहू लागले.

मला एकही शब्द फुटला नाही. थोडा वेळ वाट पाहून ते उन्हात निघून गेले.