चपला-बूट दाराबाहेर

परदेशात येऊन वहिनींनी बऱ्याच गोष्टी सोडल्या. साडी सोडली, कारण हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात वाफेच्या इस्त्रीपुढे साडी नेसून उभं राहणं म्हणजे स्वतःहून भाजून घेणं. मोठ्याने बोलणं सोडलं, शेजारणीकडे न सांगता जाणंही सोडलं. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. त्यांच्या घरात चपला-बूट येत नसत. पाहुणा असो, नळवाला असो की खुद्द घरमालक, दारातच त्या "बूट!" एवढा एक शब्द तिथल्या भाषेत खणखणीत म्हणायच्या. बाकीची भाषा त्यांना जेमतेमच यायची.

याला कारण होतं. माहेरी एकच खोली. त्याच फरशीवर जेवायचं, अभ्यास करायचा आणि तीच झाडून अंथरुणं टाकायची. घरात मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, पण फरशी अशी की सांडलेलं उचलून खावं. इथे दोन खोल्या होत्या, सोफासुद्धा होता, तरी भाऊ, वहिनी आणि त्यांची बबडी जेवायला खालीच बसायची.

आणि या नियमाच्या बरोबर मुळावर चोर उठला. आधी बबडीचे शाळेचे बूट गेले. मग जेवायला आलेल्या पाहुण्यांचे सँडल गेले आणि पाहुणे बिचारे भाऊंच्या न्हाणीघरातल्या स्लिपरा घालून घरी गेले, ते पुन्हा आलेच नाहीत. मग भाऊंचे कामाचे बूट गेले आणि गंमत संपली. भाऊ कारखान्यात फिटर. पुढे लोखंडी टोपण असलेले बूट पायात असल्याशिवाय फाटकातून आत सोडत नसत. त्या दिवशी ते तसेच परत आले.

इमारतीच्या केअरटेकरकडे वहिनी तणतणत गेल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं, जांभई दिली आणि विचारलं, "बाहेर ठेवताच कशाला?"

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" वहिनी घरात शिरताच भाऊंना म्हणाल्या. "चोरी त्याने करायची आणि सवयी आम्ही बदलायच्या!"

"अगं, पण आत ठेवले तर काय बिघडतं?" भाऊ म्हणाले. "कोपऱ्यात ठेवू. पिशवीत घालून."

"कारखान्याचं तेल, रस्त्याची थुंकी, सगळं पिशवीत घालून आणा! आणि मग तिथेच पानं मांडते, चालेल?"

भाऊ नवे बूट आणायला निघाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! नवे बूट आले. भाऊंनी डोकं लढवलं. त्यांनी उजवा बूट खिडकीबाहेरच्या दांडीला नाडीने लटकवला आणि डावा दाराशी ठेवला. एका बुटाचं चोर काय करणार? वहिनींनाही ही युक्ती पटली. आपला नवरा अगदीच काही हा नाही, असं त्यांना बऱ्याच दिवसांनी वाटलं.

सकाळी डावा बूट नव्हता.

एकट्या बुटाचं त्या मेल्याने काय केलं, हे कोडं कधी सुटलं नाही. भाऊ उजवा बूट पुरावा म्हणून हातात धरून कारखान्यात गेले. फाटकावरचे लोक पोट धरधरून हसले. मुकादम हसला नाही. पुन्हा बुटांवाचून आलात तर येऊच नका, असं त्याने सांगितलं. या नोकरीवरच तिघांचा इथे राहण्याचा परवाना होता. भाऊ घरी आले आणि फरशीवर भिंतीला टेकून बसून राहिले. नेहमीसारखे रागावले असते तर वहिनींनी दोन शब्द ऐकवले असते. पण ते हातातल्या बुटाची नाडी नुसती गुंडाळत-सोडत राहिले, आणि वहिनींना त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी भाऊ नवे बूट घालून कामावर गेले. संध्याकाळी त्यांनी सवयीने दाराबाहेरच बूट काढले, तर वहिनींनी स्वतः ते दोन बोटांनी उचलले आणि आत आणून वर्तमानपत्रावर ठेवले. "इथपर्यंतच," त्या म्हणाल्या. "याच्या पुढे एक इंच नाही." भाऊंनी मान हलवली. चोरट्यासारखे पायमोज्यांवर चालत ते आत गेले. वहिनींनी फरशी पुसली. जेवणं झाल्यावर पुन्हा पुसली, तरी त्यांना वास येतच राहिला.

स्वतःच्या चपला मात्र त्यांनी हट्टाने बाहेरच ठेवल्या. न्यायच्या तर ने म्हणावं! चोराने त्यांना हातही लावला नाही. "चोरालासुद्धा माझ्या चपला नकोत!" असं म्हणून त्या हसल्या खऱ्या, पण हसण्यात काही दम नव्हता.

थोडे दिवस बरे गेले. मग एका दुपारी बबडी शाळेतून आली, दार उघडताच सुसाट आत शिरली आणि बुटांसकट थेट खोलीच्या मध्यापर्यंत गेली. जेवायला बसतात तिथपर्यंत. फरशीवर चिखलाचे ठसे उमटले.

"अगं ए! बूट!"

"बाहेर ठेवले तर चोर नेईल ना, आई," बबडी म्हणाली. ती उलट उत्तर देत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. "शाळेत कुणीच काढत नाही. माझ्या मैत्रिणींकडे पण नाही काढत."

वहिनींनी तोंड उघडलं. शिव्या होत्या, दटावणी होती, आजीचा दाखला होता. आणि बाहेर आलं ते असं, "बरं, पुढच्या वेळी पायपुसण्याला नीट पुसून ये."

बबडी "हो" म्हणून पलंगावर जाऊन बसली, तशीच, पाय हलवत.

आपण काय बोलून बसलो ते वहिनींना मागाहून कळलं. त्या तरातरा दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये गेल्या आणि इतक्या वर्षांत काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढून त्यांनी चोराला शुद्ध मराठीत शिव्या घातल्या. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

समोरचं दार उघडलं. शेजारीण घाबरून बाहेर आली. "पुन्हा चोरी झाली?" तिने तिच्या भाषेत हळूच विचारलं. "काय गेलं?"

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या भाषेतले, येत होते तेवढे सगळे शब्द मनात चाळून पाहिले.

"काही नाही," त्या म्हणाल्या.