धाकटीचं काय झालं?

सत्तरच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी टेम्पररी लेक्चरर होतो आणि बी.ए.च्या पोरांना एक जाडजूड रशियन कादंबरी शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे, पोरांच्या पुढं दोन प्रकरणं पळत होतो. शेवटपर्यंत मी ती वाचलेलीच नव्हती.

अशात निरोप आला. उद्या विभागप्रमुख तासाला बसणार, आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते त्यावर ठरणार. घाबरून संध्याकाळी मी शेवटची प्रकरणं उघडली. जमीनदाराची मुलगी तापानं फणफणलेली. आई तिला एका नावानं हाक मारते, आणि त्याच ओळीत दुसऱ्या नावानं. माझ्या हातातला चहा सांडला. ही दोन नावं म्हणजे दोन बहिणी, असं मी सहा महिने शिकवत आलो होतो! थोरली सोशिक, धाकटी अल्लड. 'दोघी बहिणींची तुलना करा' असा प्रश्न सहामाहीला घालून वर मार्कही सढळ दिले होते. आमच्या गल्लीत प्रत्येकाला घरातलं एक नाव आणि शाळेतलं एक. तरी या गाढवाच्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रमुख मागच्या बाकावर. मी रशियातल्या बर्फावर बोलू लागलो. बर्फ झाला, घोडे झाले. घोड्यांवरून परत बर्फावर येणार, तोच उचगावहून सायकल मारत येणारा एक धिप्पाड विद्यार्थी उठला.

"सर, बर्फ ऱ्हाऊ द्या की. धाकटीचं काय झालं वो?"

मी पुस्तक मिटलं. "धाकटी नाहीच. ती थोरलीच. घरात लाडानं तसं म्हणतात तिला. तुम्ही कधी ओळखताय, ते बघत होतो."

मग तोच म्हणाला, "आन् सहामाहीला तुलना कुणाची केली वो आमी?"

"एकाच मुलीच्या दोन स्वभावांची." हे कुठून सुचलं, देव जाणे.

तास संपल्यावर प्रमुखांनी व्हरांड्यात गाठलं. "अहो, ही युक्ती कधी सुचली तुम्हाला?"

थाप मारायला तोंड उघडलं खरं, पण "काल संध्याकाळी, सर," एवढंच निघालं.

त्यांनी चष्मा काढून सावकाश पुसला. तेवढ्यात मी मनानं गडहिंग्लजला पोचून भावाच्या दुकानात गुळाच्या ढेपा उचलायलाही लागलो होतो.

"जूनपासून कायम आहात," ते म्हणाले. "आता तरी कादंबऱ्या शेवटपर्यंत वाचत चला."