चांगला उंच असावा

पोरं एका चाकावर सायकल चालवतात याचं मला कौतुक नाही, असं नाही. सर्कशीत पाहिलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. पण आमच्या विश्रांतवाडीच्या गल्लीत सर्कस बोलावली कोणी? गल्ली नुकतीच सिमेंटची झाली, आणि शाळा सुटली रे सुटली की सहा-सात जण हजर. एक जण मोबाईल घेऊन कडेला बसायचा, बाकीचे पुढचं चाक हवेत उचलून सुसाट. नुसतं चाक उचलूनही भागत नाही. समोरच्या माणसाच्या थेट अंगावर सायकल घालायची आणि दोन हातांवर आली की वळवायची. माणूस दचकला की व्हिडिओ झकास!

त्या झकास व्हिडिओत एक दिवस आमचे हे सापडले.

ह्यांना उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं जड झालं, शब्द निम्मे तोंडातच राहायचे. डावा पाय उचलायचा नाही, ओढत टाकावा लागायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, "काकू, काही झालं तरी काकांना रोज चालवा. आत्ता पाय बसला, तर नंतर कोणी उठवू शकणार नाही." म्हणून रोज संध्याकाळी आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जायचं आणि परत यायचं. एवढ्याशा अंतराला पाऊण तास लागायचा. पण जात होतो.

त्या दिवशी सायकल अंगावर आली, वळली आणि गेली. धक्का लागला नाही, खरं आहे. पण ह्यांच्या हातातली काठी पडली आणि माझा दंड घट्ट धरून हे जागीच उभे राहिले.

"चिल, आजी! कंट्रोलमध्ये होतं," मागून आवाज आला.

"तुझा कंट्रोल काय चाटायचाय मला?" मी ओरडले. पोरं खिदळली. हे चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. चप्पल पुढे ठेवली की मान फिरवायचे.

मग मी हात धुऊन मागे लागले. एका पोराच्या वडिलांना गाठलं, तर ते म्हणाले, "बाहेर खेळतात ना काकू, मोबाईलमध्ये तोंड खुपसून तर बसत नाहीत!" घ्या. सगळा खटाटोप मोबाईलसाठी, आणि बापाला पत्ता नाही. पोलीस चौकीत गेले, तर हवालदार म्हणाले, "सायकलला नंबर नाही, लायसन नाही. पावती कशाची फाडू, तुम्हीच सांगा." सांगते की! मी पगार घेते ना तुमचा!

शेवटी अर्ज लिहिला. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, अर्ज कसा लिहावा हे मला कोणी शिकवायला नको. गल्लीत गतिरोधक बसवावा, अशी विनंती केली, घरोघरी फिरून सह्या घेतल्या, अर्जदार म्हणून सगळ्यात वर माझी सही केली. पाकीट बंद करता करता वाटलं, ही मंडळी रंगाचा पट्टा मारून मोकळी होतील. म्हणून खाली माझ्या हाताने एक ओळ वाढवली: गतिरोधक नावापुरता नसावा, चांगला उंच असावा.

पुण्यात महापालिकेने कोणाचं अक्षरशः ऐकल्याचं आपण कधी ऐकलंय? माझं ऐकलं. सात खेपा मारल्यावर एका सकाळी उठून बघते तर फाटक आणि मेडिकलच्या मधोमध डांबराचा हा एवढा उंचवटा. या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी गॅलरीत उभी राहून चहा प्याले, आणि तो मला गोडही लागला.

संध्याकाळी पोरं आली. उंचवट्यापाशी थबकली. एकाने पायाने चाचपून पाहिलं.

"भावा, रॅम्प!"

आणि लागली की उडायला! आतापर्यंत एक चाक हवेत असायचं, आता दोन्ही. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की मी दार लावून आत जाऊन बसले.

पण ह्यांना तर चालवायलाच हवं होतं. हातापाया पडून बाहेर काढलं. आता त्या उंचवट्याशी आलं की आमची वरात अडायची. दोन्ही कडांना दुचाक्या लावलेल्या, वळसा घालायला जागा नाही. "उचला, अहो, अजून थोडा उचला," मी म्हणत राहायची, आणि ह्यांच्या कपाळावर घाम यायचा. सहा दिवस पाय कसाबसा पलीकडे गेला. सातव्या दिवशी बोटं अडकली आणि हे माझ्या हातातून सुटून पालथे पडले.

सायकल जवळपास एकही नव्हती. पोरं लांब, मेडिकलपाशी उभी होती. तीच धावत आली. दोघांनी काखेत हात घालून ह्यांना अलगद उठवलं, एकाने चष्मा शोधून आपल्या शर्टाला पुसून दिला. मी तोंड उघडलं होतं, पण रागवायचं कोणाला?

"आजी, कम्प्लेंट करा ना," चष्मा पुसून देणारा पोरगा तावातावाने म्हणाला. "कुठल्या गाढवाने एवढा उंच बांधलाय हा?"

"मी," म्हटलं. "मीच अर्ज केला होता."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्ज केल्याचं ह्यांना माहीत होतं. ती खालची ओळ माहीत नव्हती. घरी आल्यावर गुडघा धुताना मी तीही सांगितली. रडत सांगितली.

गुडघ्याला पट्टी बांधून झाली, तशी मी म्हटलं, "उद्या मेडिकलकडे नको, फाटकातून उलट्या बाजूला जाऊ या. मी घट्ट धरीन."

"बास," हे म्हणाले आणि मान फिरवली.

झटका आल्यापासून ह्यांच्या तोंडून इतका स्वच्छ शब्द मी ऐकला नव्हता.