पेटीच्या पोटातलं कुंकू

आमच्या घरातली भांडणं शेजाऱ्यांना कधी ऐकू गेली नाहीत. अप्पा, म्हणजे माझे वडील, सोलापुरातल्या एका कापडगिरणीत मागावर होते. शेकडो माग एकदम खडखडायला लागले की तिथं माणसाचं बोलणं ऐकूच येत नाही. म्हणून मागवाले एकमेकांचे ओठ बघून बोलतात. तीच सवय घरी आली. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून आम्ही भाकरी मागायचो, रुसायचो. मी तर जन्माची तापट, हातवारे करकरून मुक्यानं भांडायची. पुढं मागांनी अप्पांचे कान खाऊनच टाकले, तेव्हा आम्हाला नवीन काही शिकावं लागलं नाही. एक मात्र आमच्याकडं उलटं होतं. बाकीची माणसं गुपित सांगायला कुजबुजतात. आम्ही अप्पांकडं पाठ करायचो आणि खुशाल मोठ्यानं बोलायचो.

मी हवाईयन गिटार शिकत होते. मांडीवर आडवी घेऊन, तारांवर लोखंडी कांडी सरकवत वाजवतात ती. रोज संध्याकाळी मी वाजवायला बसले की अप्पा समोर बसायचे, माझ्या बोटांकडं बघायचे आणि मान डोलवायचे, तीही भलत्याच ठेक्यात. मला आधी हसू यायचं, मग वाटायचं, ज्याच्यासाठी वाजवायचं त्यालाच ऐकू येत नाही, काय उपयोग त्या वाजवण्याचा!

एकदा गल्लीत ऑर्केस्ट्रा आला होता. गर्दीत अप्पांना धक्का बसला आणि तोल सावरायला त्यांनी गिटारच्या अँप्लिफायरवर हात टेकला. टेकला तो टेकलाच. कार्यक्रम संपेपर्यंत माणूस तिथनं हलला नाही. घरी येऊन चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज गाणं हातातनं आत गेलं बघ!"

पुढं तो ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा अप्पांनी तोच अँप्लिफायर हातगाडीवर घालून घरी आणला. लाकडी, बोजड, दोघांनी उचलायचा. बटण दाबलं की मागच्या बाजूला काचेचे व्हॉल्व्ह चुलीतल्या निखाऱ्यासारखे हळूहळू लाल व्हायचे आणि थोड्या वेळानं आतनं बारीक 'हूं' असा आवाज यायचा. आम्ही त्याला पेटीच म्हणायचो. आता अप्पा पेटीवर उजवा तळहात ठेवून डोळे मिटून बसायचे. मान अगदी ठेक्यात हलायला लागली. इतकंच काय, माझी लय सुटली की डोळे न उघडता ओरडायचे, "पळू नकोस की!" मला राग यायचा. तरी मी मुद्दाम एखाद्या ठिकाणी पळायची, ते ओरडावेत म्हणून.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा श्रीपूरच्या साखर कारखान्यात नोकरीला होता. दिवाळी झाली की लग्न. अप्पा संध्याकाळी "अजून एक वाजव" म्हणायला लागले. मीही मनात पक्कं केलं होतं, जाईपर्यंत एकही संध्याकाळ चुकवायची नाही.

आणि नेमकी दसऱ्याच्या दिवशी पेटी बिघडली.

बटण दाबलं, व्हॉल्व्ह लाल झाले, आणि गिटारच्या आवाजाऐवजी नुसती करकर, मधेच फाडकन एखादा फटका. अप्पांनी हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "टोचतंय," म्हणाले, "आजारी हाय ती." त्यांचा चेहरा असा उतरला की मला पेटीचाच राग आला. मेली दुसरा मुहूर्त मिळाला नाही हिला!

सात रस्त्याजवळ एक रेडिओवाले चाचा होते. त्यांच्या दुकानात तासन्‌तास बसून मी तारांना डाग द्यायला, व्हॉल्व्ह काढघाल करायला शिकले होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले. एवढं धूड दुकानात आणणं शक्य नव्हतं. चाचांनी एक चांगला व्हॉल्व्ह माझ्या हातावर ठेवला आणि नेहमीचा मंत्र दिला, "पैले बाहर का देख, बाद में अंदर का. बटण बंद करके बी एकदम हात नक्को डाल, बिजली छुपके बैठती अंदर."

मी बाहेरनं सुरुवात केली. गिटारची वायर उपटली, करकर चालूच. म्हणजे गिटार आणि वायर दोन्ही बिचाऱ्या निर्दोष. आवाजाचं बटण शून्यावर आणलं, तर करकर गप्प. म्हणजे स्पीकर आणि शेवटचे मोठे व्हॉल्व्ह ठीक होते, दुखणं त्या बटणाच्या आधी, पहिल्या छोट्या व्हॉल्व्हपाशी. मी मागची जाळी काढली. बघते तर प्रत्येक व्हॉल्व्हच्या काचेवर विभूतीचे तीन पट्टे आणि मधे कुंकवाचा टिळा!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही हत्यारं पुजतो. अप्पा गिरणीत नुसत्या मागाच्या चौकटीला विभूती लावून थांबायचे नाहीत. धोटा, फणी, जे जे काम करतं त्याला त्याला बोटं लावायचे. यंदा त्यांनी पेटीही पुजलेली दिसत होती. मला इतकं गोड वाटलं ते! काचेला टिळा लावल्यानं काय बिघडतंय, असं म्हणून मी पट्टे न पुसता पुढं गेले.

पहिला व्हॉल्व्ह काढून चाचांचा बसवला. करकर तशीच. पेन्सिलीनं हळूच टिचकी मारली, तर फाडकन आवाज. आता चाचांचाही व्हॉल्व्ह खराब कसा असेल? बटण बंद केलं, बराच वेळ थांबले, व्हॉल्व्ह पुन्हा उपसला आणि या वेळी तो ज्या खोबणीत बसतो तिथं बॅटरी मारली. भोकाभोकांत गुलाबी चिखल वाळून बसला होता. मी नखानं थोडा खरवडून बघितला. ओली विभूती आणि कुंकू काचेवरनं ओघळून थेट खाली उतरलं होतं, आणि जिथं वीज जायला नको तिथं तिला वाट करून देत होतं.

अप्पा समोरच बसले होते. त्यांनी ओठांनी विचारलं, "काय झालंतं?"

मी ओठांनीच म्हटलं, "धूळ."

त्यांनी माझ्या नखाकडं बघितलं. "धूळ लाल नसती, पोरी."

मग ते स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिले. "म्हणजे मीच घालवली व्हय," असं इतक्या हळू म्हणाले की मला ते ओठांवरनंच वाचावं लागलं. आणि कुणाचं वाईट वाटलं की मी चिडते. मी तरातरा त्यांच्यापुढं जाऊन बसले आणि हात नाचवत म्हणाले, "देवाचं लावायचं तर बाहेरनं लावा की! पोटात कोण कुंकू भरतंय?"

"वरवर लावलेलं पोचत न्हाय," अप्पा म्हणाले. "तू गेल्यावर तिला काय होऊ ने, म्हणून आतनं लावलो."

तू गेल्यावर! मी कापसाला स्पिरिट लावून सगळ्या खोबणी पुसल्या, तारेनं एकेक भोक साफ केलं, वाळू दिलं. व्हॉल्व्ह बसवले. मग देव्हाऱ्यातली विभूती आणली, कालवली, आणि अप्पांचा तळहात पेटीवर जिथं टेकायचा तिथंच, लाकडावर, तीन बोटं ओढली. "इथनं पोचतंय," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलाय की, हातातनं आत जातं म्हणून."

बटण दाबलं. व्हॉल्व्ह लाल झाले. करकर नाही, फाडकन नाही, नुसतं 'हूं'. अप्पांनी हात ठेवला, डोळे मिटले. मी वाजवलं, मुद्दाम दोनदा पळाले, आणि दोन्ही वेळा ओरडा खाल्ला.

लग्नात मी गिटार तेवढी घेतली, पेटी मागंच ठेवली. अप्पा हट्टाला पेटले, "याके? का म्हणून? तुझी हाय ती." मी म्हटलं, "माझे कान शाबूत हायत. मला काय करायचीय पेटी? मी येईन तेव्हा वाजवीन."

संक्रांतीला पहिल्यांदा माहेरी आले. चहा टाकता टाकता अव्वानं, माझ्या आईनं, अप्पांकडं पाठ केली आणि मोठ्यानं म्हणाली, "हे रोज संध्याकाळी पेटी लावत्यात बघ. गिटार न्हाय, गाणं न्हाय. तसंच हात ठेवून बसत्यात."

मी अप्पांपुढं जाऊन बसले. "अप्पा, गिटारशिवाय तिच्यातनं काही येत नाही. नुसतं हूं असतं. काय ऐकता?"

"ऐकत कुटं," अप्पा नेहमीसारखे गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "ऊब असती की तिला. तू आत्ताच वाजवून उठलीस आन्‌ पाणी प्यायला आत गेलीस, असं वाटतं."

मी त्यांच्याकडं पाठ केली आणि मोठ्यानं रडले. आमच्या घरात ते चालायचं.