कुरड्यांच्या दिवशीचा फोटो

एका मंगळवारी माझी बायको गेली.

वर्षश्राद्ध जवळ आले तेव्हा फोटोची गोष्ट निघाली. मी वीस वर्षे हौसेने फोटो काढतो. छत्री तलावावरचे बगळे, खंड्या, टिटव्या यांनी कॉम्प्युटर भरला आहे. तिचा चेहरा नीट आलेला फोटो मात्र एकच निघाला. तो अकोल्याला तिच्या थोरल्या बहिणीच्या गच्चीवर, कुरड्या घालताना काढलेला. मला कावळे हाकायला बसवले होते आणि मी कावळ्यांचेच फोटो काढत होतो. तेव्हा ती ओरडली, "कॅमेरा ठेवा न् काठी घ्या! कावळे कुरड्या खाऊन राहिले!" मी वळलो आणि बटण दाबले.

असा फोटो हार घालून कसा ठेवायचा? स्टुडिओवाल्याने शालू नेसवून तिला सोफ्यावर बसवून दिले असते. ते नको म्हणून मी फोटो सुधारायचे एक सॉफ्टवेअर घेतले. सात दिवस फुकट होते. पहिले दोन दिवस कोणते बटण कशाचे, हे शोधण्यात गेले. तिसऱ्या दिवशी कठड्यावरचा कावळा पुसला गेला आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. मग हात आवरेना. कपाळावरचे गोंदण डाग म्हणून पुसले. सुरकुत्या काढल्या. रागाने उघडलेले तोंड मिटवून त्याचे स्मित केले. सहाव्या दिवशी लॅपटॉप घेऊन अकोल्याची बस धरली.

ताईंनी चष्मा लावला, काढला, पदराने पुसून पुन्हा लावला.

"भाऊजी, हे कोन होय?"

"असं काय करता? तुमची बहीण."

"ही? ही तं सिरीयलमधली बाई दिसते. माही बहीन तोंड मिटून कधी बसली होती का? न् गोंदन कावून पुसलं? दोघी बहिनी संगंच बसलो होतो गोंदाले. मीच रडली, ते नाही रडली."

मी केलेला एकेक बदल मागे घेऊ लागलो. सुरकुत्या आल्या, गोंदण आले, तोंड उघडले. कावळाही येऊन बसला. ताई पडद्याकडे वाकल्या.

"हां! आता आली. काय म्हनून राहिली होती ते?"

मी सांगितले. त्या इतक्या हसल्या की गॅसवर ठेवलेला चहा उतू गेला. नंतर त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी फक्त उजेड थोडा वाढवला. ऊन पाठीमागून असल्याने चेहऱ्यावर जरा सावली होती.

सातवा दिवस संपला आणि सॉफ्टवेअर बंद पडले. फोटो अमरावतीच्या घरी बैठकीत लावला आहे. त्यात ती माझ्यावर ओरडते आहे.