पाण्याच्या मशीनपुढे गप्प बसलेली कोकिळा

नरडाण्याच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं. तिथल्या बोअरवेलचं पाणी इतकं मचूळ की डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्या गावात कोकिळा सून म्हणून आली तेव्हा तिची सासू ठार बहिरी होती. सासूला ऐकू जावं म्हणून कोकिळा मोठ्यानं बोलायला शिकली. पुढं सासू देवाघरी गेली, आवाज मात्र घरातच राहिला. आता तिनं चुलीपाशी "मीठ संपलं" म्हटलं तर दुकानदार पुडी बांधून ठेवतो, असं तिचा नवरा झुलाल म्हणायचा. म्हणायचा तो हळूच.

बरं, नुसता आवाज असता तर एक वेळ चाललं असतं. बाईला सांगितल्यावाचून राहवत नसे. भाजीवाली टोपली चुकीच्या बाजूला ठेवतेय, सांग. एसटीचा ड्रायव्हर खड्ड्यावर नेतोय, सांग. नवरदेवाचा फेटा डावीकडं कललाय, भर मांडवात सांग. मनात काळं नव्हतं. समोरचं माणूस चुकतंय आणि आपण बघत बसायचं, हे तिच्यानं होतच नव्हतं.

याच सांगण्यापायी थोरली जाऊ तुटली. भिकुबाई तिचं नाव. प्रेमराजच्या, म्हणजे भिकुबाईच्या मुलाच्या लग्नात खापरावर मांडे चालले होते. विहिणी समोर बसलेल्या. भिकुबाईच्या मांड्यांना सगळं शिवार नावाजायचं. त्या दिवशी नेमका तिच्या हातावर एक मांडा फाटला आणि कोकिळा ओरडली, "अक्का, मांडा फाटना! पुरन गळी ऱ्हायनं!" हात भाजू नये म्हणून ओरडली हो. पण विहिणी तोंडाला पदर लावून हसल्या. भिकुबाई खापर सोडून उठली, आत गेली, आणि तिथून पुढं दोन घरांत एक भिंत असून बोलणं बंद. झुलाल तेवढा वहिनीकडं चहाला जायचा आणि आल्यावर तोंड पुसून टाकायचा, जसा काही दारू पिऊन आलाय.

तर अशा गावात, मारुतीच्या देवळामागं, गोड्या पाण्याचं मशीन बसलं. पाण्याचं एटीएमच म्हणतात त्याला. कार्ड टेकवायचं, हिरवं बटन दाबायचं, की एका ड्रमचं पाणी सोडतं. शेजारी एक लाल बटनही होतं. पण ड्रम घेऊन गेलेली बाई निम्माच भरून परत येई आणि मशीनच्या सात पिढ्या उद्धरी. तक्रारी पुण्याला कंपनीत गेल्या. तिथून धुळ्याची एक पोरगी आली, रोहिणी. लोक मशीन कसं वापरतात, कुठं अडतात, हे बघायचं तिचं काम. पहिलंच काम होतं तिचं. हुशार होती. आल्या आल्या तिनं मशीन बघितलंच नाही, मशीनच्या पायाशी चिखल का, ते विचारलं.

पण ती उभी राहिली की बाया लाजत. पदर सावरत, "तुमीच दाबी द्या ना ताई" म्हणत. मग तिला गावातलीच कुणी बाई पाहिजे झाली, जिच्याकडं कुणाचं लक्ष जाणार नाही. कोकिळाचं घर मशीनच्या समोर. रोहिणीनं तिला धरलं.

"मावशी, रोजच्यासारखं ओट्यावर बसायचं. कोण काय करतं ते बघायचं आणि संध्याकाळी मला सांगायचं. शनिवारपर्यंत. फक्त एक आहे. बोलायचं नाही. कुणी चुकलं तरी सांगायचं नाही."

"एकीले सांगं तं?"

"एकीला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार. मग मी बघू काय? शुक्रवारी आमचे साहेब येणार आहेत. त्यांनी डोळ्यांनी बघितलं तरच मशीन बदलेल. माझं पुढचं कामही त्यावरच आहे."

कोकिळानं मारुतीकडं हात करून कबूल केलं. गावाला कळलं तेव्हा लोकांना हसू आवरेना. रुपचंद दुकानदार म्हणाला, "कोकिळाले गप्प बसाडानं? त्यानापेक्षा तापीले मांगे फिरावनं सोपं शे!"

सोमवारी सकाळी ती तुरीच्या शेंगा घेऊन ओट्यावर बसली. पहिली आली बेबाबाई. कार्ड टेकवलं, हिरवं दाबलं, पाणी सुटलं. बेबाबाईनं ड्रममध्ये थोडं पाणी घेतलं, आडवा करून गरागरा हलवला, ओतून दिलं. परत घेतलं, परत ओतलं. वर पाणी सुटलेलंच होतं. मग ड्रम लावला, तर निम्मा भरेस्तोवर मशीन बंद.

"दख वं माय! मशीन पानी खाई जास!"

कोकिळाला तेव्हाच उजेड पडला. भांडं विसळल्याशिवाय त्यात पाणी भरायचं कसं? घरून विसळून आणावं, तर घरचं पाणी खारं. मग गोड पाण्याची चव जाते. म्हणून सगळ्या इथंच विसळत, आणि मशीन ते पाणीही मोजत होतं. लाल बटन दाबलं की पाणी थांबतं, पुन्हा हिरवं दाबलं की उरलेलं येतं, हे मशीन बसवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण लाल म्हणजे करंट. ओल्या हातानं लाल बटनाला कोण हात लावील?

शब्द कोकिळाच्या दातांपर्यंत आले. तिनं शेंग इतक्या जोरात फोडली की दाणा उडून बेबाबाईच्या पाठीवर बसला.

"काय वं, बोलत काबर नही? घसा बठना का?"

कोकिळानं मान हलवली. आता खोटं बोलायचं म्हटलं तरी बोलावं लागतं, म्हणून नुसती मान.

दिवसभर तसंच. एक बाई आली, विसळलं, निम्मा नेला. दुसरी आली, विसळलं, मशीनला चापट मारली. अभिमन आबा आले, त्यांनी ड्रमच काय, झाकण आणि चिंधीही धुतली. कोकिळा उठे, दारापर्यंत जाई, परत येई. सोललेली तूर पुन्हा सोलायला घेई. संध्याकाळी रोहिणी फोन पुढं धरून बसली तेव्हा कोकिळा जी सुटली ती दिवाबत्ती झाली तरी थांबेना. रोहिणी हसून म्हणाली, "मावशी, असंच. फक्त दिवसा नको."

त्या रात्री जेवताना झुलाल भाकरी मोडत म्हणाला, "वहिनी सुरतले पोरगाकडे जाई ऱ्हायनी. प्रेमराज लेवाले येवाव शे. शुक्रवारनी गाडी."

"कव्हय येई परत?"

"परत कसाले येई? घरले कुलूप लाई ऱ्हायनी."

कोकिळाचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, बोलू कधीतरी. भिंत तर एक आहे, जातेय कुठं. सण यायचा, वाटायचं, या सणाला बोलू. सण जायचा. आणि आता ती भिंतीपलीकडची खोलीच रिकामी होणार होती.

मंगळवारी भिकुबाई स्वतः ड्रम घेऊन आली. एरवी शेजारची सून तिचं पाणी आणायची. आज कुणी नसावं. कोकिळाकडं न बघता तिनं कार्ड टेकवलं. भिकुबाईची स्वच्छता म्हणजे विचारू नका, ती तुळशीला घालायचं पाणीसुद्धा गाळून घेई. एकदा विसळलं, दोनदा विसळलं, मग आतून हात घालून घासलं. पाणी चाललंय आपलं धो धो वाहून. ड्रम लावला तेव्हा तळ झाकला आणि मशीन थांबलं.

भिकुबाईनं ड्रम वाकवून आत बघितलं. एकदा मशीनकडं बघितलं, एकदा ड्रमकडं. इकडं कोकिळा ओट्यावरून अर्धी उठली. सांगू? मारुतीपुढं कबूल केलंय. नको सांगू? अक्का चालली. जिभेला आवरेना म्हणून तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. आणि नेमकं त्याच वेळी भिकुबाईनं वळून बघितलं.

"हास," ती म्हणाली. "हासी ले. शुक्रवारले जास मी, मंग पोटभर हास."

आणि तळाशी डुचमळणारं पाणी घेऊन ती निघून गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. संध्याकाळी कोकिळा कढी करून वाटी झाकून निघाली. भिकुबाईच्या दाराशी गेली. आतून भांडी बांधल्याचा आवाज येत होता. कोकिळाच्या बांगड्या वाजल्या, आवाज थांबला, आणि दार आतून लागलं. कोकिळा कढी घेऊन परत आली. झुलालनं न विचारता ती खाल्ली.

बुधवारी तिनं रोहिणीला गाठलं. "पोरी, एकच बाईशी बोलू दे. पान्याचं नही बोलनार. बाकीचं."

"बोला की. मशीनवर नको, एवढंच. घरी जाऊन बोला."

"घरचं दार ती उघडत नही."

रोहिणीनं फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "मावशी, शुक्रवारी साहेब जाईपर्यंत तरी थांबा."

"शुक्रवारी तीच जास."

पोरीनं मान हलवली, नाही म्हणून. तिच्याही पोटाचा प्रश्न होता. कोकिळा परत ओट्यावर. बुधवार गेला, गुरुवार गेला. आता तिला बघायचंही सुचेना. कोण आलं, किती विसळलं, संध्याकाळी आठवेना. भिंतीपलीकडं सामान सरकवल्याचे, पत्र्याची पेटी ओढल्याचे आवाज येत. आवाज आला की ही उठे. थांबला की ही बसे.

शुक्रवारी सकाळी साहेब आले. योगेंद्र नाव, अंगात जाकीट, बोलायला बरा माणूस. रोहिणी त्यांच्याबरोबर देवळाच्या कोपऱ्यावर उभी राहिली, बायांना दिसणार नाही अशी. रांग मोठी होती. बाया एकामागून एक विसळत होत्या, चिडत होत्या. रोहिणी हळूच साहेबांना दाखवत होती, आणि साहेब मान हलवत होते. पोरीचा चेहरा उजळलेला कोकिळाला इथून दिसत होता.

तेवढ्यात भिकुबाई आली. इरकली लुगडं, प्रवासाचं. हातात लहान ड्रम. सुरतेचं पाणी बाधेल म्हणून वाटेपुरतं गोड पाणी घ्यायला आलेली. मागं प्रेमराज ॲपे रिक्षा चालू ठेवून उभा. "आई, चाल लवकर, गाडी चुकी!"

बायांनी तिला पुढं जाऊ दिलं. तिनं कार्ड टेकवलं, हिरवं दाबलं, आणि ड्रम आडवा करून विसळायला लागली. रिक्षाचा भोंगा वाजला. भिकुबाई घाबरली, घाईघाईनं पुन्हा विसळायला लागली. पाणी वाहून चाललेलं. कोकिळानं एकदा रोहिणीकडं बघितलं. एकदा त्या वाहत्या पाण्याकडं.

"अक्का!" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. देवळावरची कबुतरं उडाली. "अक्का, लाल दाब ना वं! मरत नही तू!"

भिकुबाई जागच्या जागी दचकली. रांगेतल्या बाया वळल्या. कोकिळा तुरीची टोपली उलथून धावत आली आणि तिनंच लाल बटन दाबलं. पाणी थांबलं.

मग भिकुबाई म्हणाली, "इतला वरीसमा तुले हाईच बोलनं सुचनं का?"

"मंग काय बोलाले पाह्यजे व्हतं?"

"मंगळवारले काबर नही बोलनी? हासत बठनी!"

"मी कसाले हासू? त्या पोरीनी मना तोंडले कुलूप लायेल व्हतं! पदर कोंबेल व्हता तोंडमा, जीव जाई ऱ्हायनता मना!"

"आनि मांडा फाटना तव्हय? तव्हय कोठे व्हतं कुलूप?"

"तुना हात भाजता ना वं!"

भिकुबाई खाली बसून ड्रम हलवायला लागली, कारण डोळे पुसायचे तर काहीतरी निमित्त पाहिजे. कोकिळानं ओतलं, भिकुबाईनं हिरवं दाबलं, आणि ड्रम काठोकाठ भरला. बेबाबाई मागून म्हणाली, "आँ? लाल दाबं तं करंट नही लागस?" बस. पुढची बाई लाल, त्याच्या पुढची लाल. ड्रम भरून जायला लागले, आणि साहेबांना दाखवायला काही उरलं नाही.

रोहिणी कोपऱ्यावरून पुढं आली. साहेब घड्याळ बघत होते. कोकिळा म्हणाली, "साहेब, पोरीचा दोष नही. कबूल मी करेल व्हतं, मोडं बी मीच."

साहेब नुसते हसले. होकाराचं होतं का नकाराचं, कळलं नाही. रोहिणी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "मावशी, आता बसायचं काम नाही," एवढंच म्हणाली आणि आपली पिशवी आवरायला लागली.

भिकुबाईनं कोकिळाचा हात धरून रिक्षात ओढलं. झुलाल मोटारसायकलवर मागून. नरडाण्यापर्यंत दोघी भांडत गेल्या. कुणाच्या बाळंतपणात कोण आली नाही, कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, वाटणीत पाटा कुणी ठेवून घेतला. प्रेमराज पुढं बसून कपाळाला हात लावत होता. स्टेशनवर गाडी आलेलीच होती. कोकिळानं आधी ड्रम चढवला, मग जावेला.

"तठे एकटी बठू नको. शेजारपाजार कर. आनि त्या सूनले टोकू नको."

"हाई तू सांगस माले?" भिकुबाई खिडकीतून म्हणाली. "दिवाईले ये. झुलालभाऊले सोडीसन ये."

गाडी हलली. डबे जात राहिले, आणि शेवटचा डबा गेल्यावर झुलाल म्हणाला, "चाल, चहा पिऊ."

कोकिळा मोटारसायकलवर बसूनही झाली होती. "आधी त्या पोरीले गाठनं शे. धुळ्यानी बस निंघी जाई."

"आते ती काय ऐकी तुनं? उद्या फोन करू."

"उद्या नही," कोकिळा म्हणाली. "चहा बी तिलेच संगे लिसन पिऊ. चाल, किक मार."