शेवंताबाई आणि नऊ पोरांची अंगणवाडी

आम्हा पर्यवेक्षिकांची महिन्याची मीटिंग संपली, की खरी मीटिंग सुरू होते. डबे उघडतात, कुणीतरी ठेचा पुढे सरकवते आणि अंगणवाड्यांचे किस्से निघतात. अहवालात त्यांना रकाना नसतो, म्हणून ते डोक्यात साठत जातात. माझे निम्मे किस्से एकाच टोल्यावरचे आहेत. गोंडपिपरीकडच्या जंगलातली वीस-पंचवीस घरं. सेविका वंदना, मदतनीस शेवंताबाई आणि पोरं फक्त नऊ!

सरकारी पैसा पोरांच्या संख्येवर येतो, आणि नऊ म्हणजे फारच कमी. तेव्हा वरून पत्र आलं, की ही अंगणवाडी बंद करा आणि पोरं नाल्यापलीकडच्या गावात पाठवा. मधे तीन किलोमीटर जंगल! पत्र वाचून वंदना रडायलाच लागली. शेवंताबाईंनी शांतपणे विचारलं, "मंग आज खिचडी टाकू का नोको?"

मी म्हटलं, "टाका!"

*

त्याच आठवड्यात टेम्पोतून घसरगुंडी आली! तिची मागणी केव्हाची होती, मंजुरी आता मिळाली. खोली एवढीशी, घसरगुंडी आत जाईना. शेवटी ती शेवंताबाईंच्या अंगणात लावली. त्यांच्या कोंबड्यांनी पहिल्याच दिवशी वरची पायरी पकडली.

मी ऑफिसात फोन केला. "अहो, जी अंगणवाडी बंद करताय तिलाच घसरगुंडी?"

पलीकडचे बाबू समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, बंद करणारं टेबल वेगळं, घसरगुंडीचं वेगळं!"

*

आता आहाराचं पाकीट घ्यायचं तर आईचा चेहरा मोबाईलला दाखवावा लागतो. ओळख पटली तर पाकीट. टोल्यावरच्या कविताचा फोटो नवव्या महिन्यात काढलेला. बाळंतपणानंतर ती निम्मी झाली, आणि मोबाईल काही तिला ओळखेना. वंदनाने उजेडात नेलं, सावलीत नेलं, पदर मागे घ्यायला लावला. छे!

शेवंताबाई चुलीपाशी बसून पाहत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "अवं, गाल फुगव ना!"

कविताने गाल फुगवले. पटली ओळख!

*

खेळण्यांच्या पेटीत प्लॅस्टिकचा वाघ निघाला. मी तो चार वर्षांच्या सुगंधाला दाखवला. "हा कोण, सांग बरं?"

तिने वाघ उलटासुलटा करून पाहिला. "मालूम नाई," ती म्हणाली. "आमचा मोठा हाय."

*

मोहाच्या दिवसांत अख्खा टोला पहाटे फुलं वेचायला जातो, पोरांसकट. हे मी विसरले आणि नेमकी तेव्हाच अचानक भेटीला गेले. दाराला कुलूप. दारावर वंदनाच्या अक्षरात खडूने लिहिलेलं, 'अंगणवाडी मोहाखाली भरली आहे.'

शोधत गेले. नऊच्या नऊ पोरं हजर! वजनकाटा फांदीला टांगलेला, तीन दगडांवर खिचडीचं पातेलं, आणि पोरं फुलं मोजत अंक शिकत होती. खरं सांगते, मला भरून आलं. तरी पदाला शोभेल असं थोडं रागावून पाहिलं.

शेवंताबाई म्हणाल्या, "पोरं इथी, तं अंगणवाडी तिथी काय करन, मॅडम?"

*

शेवटी साहेब स्वतः पाहणीला आले. फाईल सोबतच होती, सही तेवढी बाकी. आम्ही अंतराचा विषय काढला. "तीनच किलोमीटर तर आहे," साहेब म्हणाले. "पोरं चालतील!"

शेवंताबाईंनी पदर खोचला. "चाला मंग, साहेब. आताच जाऊन पाहू."

नाही म्हणायची सोय नव्हती. नऊ पोरं, आम्ही तिघी, काठ्या घेतलेले दोन बाप आणि साहेब, असे निघालो. निम्म्या वाटेतच दोन पोरं आमच्या कडेवर आली. तिसरीने साहेबांकडे हात केले. त्यांनी फाईल काखेत मारली आणि तिला उचललं.

नाल्याजवळच्या ओल्या मातीत ताजा पंजा उमटला होता. साहेबांनी कडेवरची पोर घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने ड्रायव्हरला फोन लावला. "गाडी इथेच घेऊन ये. लगेच!"

शेवंताबाईंचा चेहरा एकदम खुलला.

"हे बेस झालं," त्या म्हणाल्या. "मंग उद्यापासून पोरायले न्याले रोज हेच गाडी येईन ना, साहेब?"